मिरीची हरकत नाही

९ फेब्रुवारी

घड्याळजींच्या बायकोला आज शहरात नेलं. नदीकाठचं जुनं स्मशान धरणाच्या पाण्याखाली गेल्यापासून आमच्या खोऱ्यातल्या मेलेल्या माणसालाही हा प्रवास चुकत नाही. घाट उतरायचा, तीन तास गाडीत आणि तिथे पोचल्यावर वर रांग.

घड्याळजींची पाठ पार वाकली आहे, त्यांना गाडी सोसत नाही. ते पेट्रोलपंपापर्यंत आले. तिथे ड्रायव्हरनं गाडी थांबवली, मागचं दार उघडलं. हवा भरणारा माणूस नळी हातात धरून तसाच उभा राहिला. घड्याळजी आत डोकावून म्हणाले, "बरं, येतो मग मी." जसं काही तेच कुठेतरी निघाले होते. मग वळले आणि घराकडे चालू लागले. त्यांच्याबरोबर कुणी जावं हेदेखील कुणाला सुचलं नाही. मी गेले. दारात आल्यावर म्हणाले, "बाई, चौपन्न वर्षं संसार केला आणि पंपावर सोडून आलो."

घरी येऊन मी यांना म्हटलं, "गावात आपली स्वतःची दाहिनी हवी. गॅसवरची."

हे पेपर वाचत होते. "शाळेतून निवृत्त झाल्यापासून तू काहीतरी शोधतेच आहेस," हे म्हणाले. "लोक मांजर पाळतात."

२३ फेब्रुवारी

अध्यक्षांना भेटले. गावसभेचा अध्यक्ष माझाच विद्यार्थी. भूमितीत कच्चा, पण माणसं ओळखण्यात पक्का. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, जागा ठरवा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची हरकत नाही एवढं सभेत होऊ द्या, पुढचं जिल्ह्याकडून मी आणतो. मला कमिटीचं प्रमुख केलं. कमिटीत तूर्त मी एकटीच आहे.

१० मार्च

सगळ्यांना दाहिनी हवी आहे, पण दुसऱ्याच्या दारात.

शाळेमागची जागा पालकांनी उडवून लावली. डेअरीशेजारची मोकळी जागा मला फार आवडली होती, तर डेअरीवाला हातातली बादली खाली ठेवून म्हणाला, "बाई, तुमच्यापुढे बोलू नये, पण उद्या माझं दूध कोण घेईल?" मी त्याला समजावलं की या यंत्राला धूर नसतो. "धूर नसला तरी नाव असतं ना," तो म्हणाला. वर्गात हा मुलगा वर्षभरात एक वाक्य धड बोलला नाही. आज बघा.

राहता राहिला खाणीकडचा माळ. दगडाची खाण बंद पडली त्यालाही जमाना झाला. रस्ता आहे, वीज आहे, आणि घर एकच. मिरीचं. म्हणजे प्रश्नच मिटला.

१४ मार्च

मिरीकडे जाऊन आले.

मिरी माझी शाळेपासूनची मैत्रीण. अंगानं एवढीशी आणि जिभेनं तिखट, म्हणून मिरी. ती मला पंतोजी म्हणते. गावासाठी ती नर्सबाई. सगळी नोकरी दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत काढली. खोऱ्यातल्या निम्म्या माणसांना तिनंच जगात आणलं. निवृत्त झाल्यावर माळाकडच्या रस्त्याला तिनं हे घर घेतलं. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं. एवढ्या लांब कशाला, असं मी तेव्हा म्हटलं होतं. ती म्हणाली होती, "दवाखान्याच्या दाराला कडी होती, पण कधी लावता आली नाही. इथे लावून बसणार आहे."

आज ती ओट्यावर बसून खुर्चीची वेताची बैठक विणत होती. मी नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर तिच्याच वस्तू ठेवल्या आणि सगळं नीट समजावून दिलं. धूर नाही, वास नाही, आवाज फ्रिजएवढा. आठवड्यात फार तर एक गाडी.

ती माळाकडे बघत होती. "इथून ना, काही म्हणजे काही दिसत नाही," ती म्हणाली. "नुसतं गवत. म्हणून तर घेतलं मी हे."

"मध्ये झाडं लावू आपण."

"झाडं मोठी होईपर्यंत मी राहते की नाही!" ती हसली. मीही हसले.

मग तिनं घड्याळजींची चौकशी केली. मी पंपावरचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ वेत ओढत बसली. शेवटी म्हणाली, "तुझं सगळं ठरलेलंच दिसतंय. चहा टाकू?"

अशी मैत्रीण मिळायला नशीब लागतं. बाकीच्यांशी महिनाभर डोकेफोड केली, इथे एका चहात काम झालं.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू तिला विचारलंस, की सांगितलंस?"

मी म्हटलं, आमच्यात तसला फरक नसतो. हे चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

२ एप्रिल

सभा झाली. जिंकलो!

सभागृह भरून माणसं भिंतीला टेकून उभी होती. मी पंधरा मिनिटं बोलले. घड्याळजींचं नाव घेतलं नाही, पण पंपाचं सांगितलं, आणि सगळ्यांना कळलं. डेअरीवाल्यानं नाक शिंकरलं. मग अध्यक्षांनी विचारलं, "माळावर घर एकच आहे. नर्सबाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

मिरी शेवटच्या रांगेत, दाराशी बसली होती. सगळ्या माना तिकडे वळल्या. तिला चारचौघांत बोलायचा पहिल्यापासून धाक. शाळेत कविता म्हणायला उभी राहिली की रडायची. ती उठली. तोंड उघडलं. तिची नजर घड्याळजींवर गेली आणि तिनं तोंड मिटलं. तिची पंचाईत मला कळली. मी चटकन उठून म्हटलं, "मिरीची हरकत नाही. माझं तिच्याशी बोलणं झालंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. घड्याळजी काठी टेकत मागे गेले आणि त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर पडताना तिला शोधलं, तर ती निघून गेली होती. दाराजवळच बसली होती ना.

१९ मे

दाढ काढली. अर्धा चेहरा बधिर असताना यंत्राच्या कंपनीच्या इंजिनीअरशी बोलावं लागलं. त्याला वाटलं, मी गहिवरले आहे.

६ जुलै

पाया खणणं चालू आहे. कामाचे ट्रक मिरीच्या ओट्याला लागूनच वळतात. आज एकाचा मागचा भाग तिच्या कुंपणाला लागला आणि दोन खांब आडवे झाले. मी मुकादमाला फैलावर घेतलं. मिरी म्हणाली, "असू दे. जुनंच झालं होतं." तिनं कपडे वाळत घालायची दोरी घराच्या मागे नेली आहे. धुळीमुळे. काम संपलं की पुन्हा पुढे बांधता येईल.

२८ सप्टेंबर

बसायच्या खोलीसाठी मी फार भांडले. इंजिनीअर म्हणे, छोटी खिडकी पुरे. मी म्हटलं, माणूस शेवटचं बघायला आला आहे, त्याला भिंत दाखवणार का? मोठी खिडकी घेतली. पायरी ठेवलीच नाही, उतार केला, म्हणजे काठीवाल्यांना कुणाचा हात धरावा लागू नये. बाकांना पाठ आहे. शहरातल्या बाकांना पाठ नव्हती, पूर्वी गेले होते तेव्हाचं माझ्या लक्षात होतं. भिंतींना फिकट पिवळा रंग. हे म्हणतात, "इतकं छान करू नकोस, लोकांना घाई होईल."

मिरीला बघायला बोलावलं होतं. तिचं डोकं दुखत होतं.

११ नोव्हेंबर

पहिला निरोप डेअरीवाल्याच्या वडिलांचा. दुसऱ्याच्या दारात हवी म्हणणाऱ्यांचाच पहिला नंबर लागला, पण हसू आलं नाही. निम्मं गाव पायी माळावर गेलं. घाई नव्हती, पुढची गाडी नव्हती, घड्याळ बघणारा कुणी नव्हता. डेअरीवाला बराच वेळ नुसता खिडकीशी उभा होता. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, बापाला घरच्यासारखं पोचवता आलं."

घड्याळजी पहिल्या बाकावर बसले होते. जाताना हळूच विचारलं, "आपलं नातं नसलं तरी दर वेळी आलो तर चालेल का?" मी म्हटलं, तुम्ही कधीही या.

या एका दिवसासाठी सगळं केलं म्हटलं तरी चालेल.

एक गडबड झाली. नळाला पाणीच आलं नाही. मग सगळी माणसं मिरीकडे. कुणाला पाणी हवं, कुणाला फोन लावायचा, एका आजींना चक्कर आली तर तिच्या पलंगावर निजवलं. डेअरीवाल्याची बायको तिच्या गळ्यात पडून रडली. शेवटच्या माणसापर्यंत मिरी ओट्यावर उभी होती. चेहरा जरा ओढलेला वाटला, पण मला बरं वाटलं. रिकामी बसून कंटाळलीच असेल बिचारी. माणसाला काम हवंच.

१७ जानेवारी

नळ दुरुस्त झाला, तरी लोक मिरीकडेच जातात. सवय. आणि तिच्याशिवाय कुणाकडे जाणार, प्रत्येकाला तिनं कधी ना कधी हातात धरलेलं आहे. शेजारच्या खोऱ्यांतूनही आता गाड्या येऊ लागल्या आहेत. आठवड्याला एक म्हटलं होतं, ते कुठल्या कुठे राहिलं. जिल्ह्याच्या साहेबांनी फोन करून कौतुक केलं.

दुपारी मिरीकडे बसले होते. ती म्हणाली, "कालचा मुलगा माझ्या हातचा होता. रस्त्याचं काम करायचा ना, तो. पायाळू जन्मला होता. किती कष्टानं काढला होता गं. आणि काल गाडीचं दार उघडलं तर आधी पायच दिसले."

मी म्हटलं, "बघ ना, पहिल्यापासून शेवटपर्यंत तूच. किती जणांच्या वाट्याला येतं हे?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, माझ्या तोंडाला काही लागलं आहे. मग ती दाराची कडी लावायला उठली. पण बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि ती चपला शोधू लागली.

८ मार्च

हे मिरीला रक्तदाबाच्या गोळ्या देऊन आले. औषधाच्या दुकानात उभं आयुष्य काढल्यामुळे यांना माणूस गोळी घेतो की नाही ते लगेच कळतं. म्हणाले, घेत नाही. नीट जेवतही नाही. ओट्यावरची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

"ऊन लागत असेल," मी म्हटलं.

"ओटा उत्तरेला आहे," हे म्हणाले, आणि उठून आत गेले. आजकाल हे असं अर्धवट बोलून उठतात.

२१ मार्च

मिरीला जरा उभारी यावी म्हणून मी तिला दाहिनीची दुसरी किल्ली नेऊन दिली. म्हटलं, तू इथेच असतेस, तुझ्याइतकं विश्वासाचं माणूस कोण आहे? सकाळी लवकर कुणी आलं तर तूच उघडून देत जा. तिनं किल्ली घेतली नाही. मी टेबलावर ठेवली.

२३ मार्च

किल्ली परत आली. मी बाजारात गेले असताना मिरी आली होती, यांच्या हातात देऊन गेली. चार दिवस शहरात भाच्याकडे जाते म्हणाली.

"मला भेटून का नाही गेली?"

"गाडीची वेळ झाली होती."

"बरोबर काय होतं?"

"दोन पेट्या," हे म्हणाले. "आणि ती वेताची खुर्ची."

चार दिवसांसाठी खुर्ची कोण नेतं?

१४ जून

भाच्याचा फोन आला. मावशीचं घर विकायचं आहे, गावात कुणी घेणारं असेल तर बघा. मी म्हटलं, मावशीला दे. तो म्हणाला, झोपली आहे. सकाळचे अकरा वाजले होते.

१९ जून

आज शहरात जाऊन आले.

चौथ्या मजल्यावरचं घर. दिवाणखान्यात भाच्याच्या मुलींचा कपड्यांचा पसारा. मिरी मागच्या बाल्कनीत होती, तिच्या खुर्चीवर. समोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. मी म्हटलं, अगं, ही काय जागा आहे बसायची!

"इथे मला कुणी ओळखत नाही, पंतोजी," ती म्हणाली. "इतकी छान झोप लागते."

रंग सुधारला होता तिचा. ते बघून मला आनंद व्हायला हवा होता. मी गावातल्या गोष्टी सांगत राहिले. डेअरीवाल्याची नवी म्हैस, अध्यक्षांचं पोट. ती हसली सगळ्याला. मग मलाच राहवेना. विचारलं, "माझ्यावर रागावली आहेस का?"

"राग नाही गं." ती थांबली. खाली कुणीतरी गादी झोडपत होतं, ते संपेपर्यंत थांबली. "तू मला विचारलं असतंस ना, तर मी हो म्हटलं असतं. घड्याळजींसाठी तरी म्हटलंच असतं. सभेत उठले होते ती तेच म्हणायला की काय, ते आता मलाच सांगता येत नाही. एवढंच वाटतं, ते हो माझं होतं. ते तू घेतलंस."

मी म्हटलं, "तुला सगळ्यांसमोर बोलायला जड जातं, म्हणून मी..."

"माहितीये," ती म्हणाली, आणि माझा हात थोपटला, पेशंटचा थोपटतात तसा.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली होती. बाहेर काय दिसलं ते आठवत नाही.

२० जून

यांना म्हटलं, तुम्हाला दिसत होतं ना सगळं? मग सांगितलं का नाही?

हे म्हणाले, "सांगितलं होतं. पण तू इतकी खूश होतीस. खूप दिवसांनी होतीस. मग मीही जरा कमीच सांगितलं."

आम्ही दोघं भेंडी चिरत बसलो.

३० ऑगस्ट

गावसभेनं मिरीचं घर घेतलं. लांबून येणाऱ्यांना टेकायला जागा. ठरावाला मीही हात वर केला. लोकांना सावली हवी हे खरंच आहे. ओट्याची भिंत पाडून मोठं दार करणार आहेत. अध्यक्ष म्हणाला, नर्सबाईंचं नाव देऊ घराला. मी म्हटलं, नको. का नको ते त्यानं विचारलं. आधी तिला विचार, म्हटलं. त्यानं फोन लावला. ती नको म्हणाली.

४ नोव्हेंबर

मिरी गेली.

पहाटे झोपेतच. भाच्यानं यांना फोन केला, मला केला नाही. हे चहा घेऊन आले, कप खाली ठेवला आणि माझ्याशेजारी बसले. तेव्हाच कळलं. हे कधी माझ्या बाजूला पलंगावर बसत नाहीत.

अध्यक्ष तासाभरात आला. गाव गोळा होत होतं. डेअरीवाला म्हणे, मी माझी गाडी घेऊन जातो, नर्सबाईंना घेऊन येतो. कुणीतरी माळावरचे बाक पुसायला गेलंसुद्धा. आमच्या अंगणात उभा असलेला जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्या हातचा होता. मी भाच्याला फोन लावला, गाव वाट बघतंय म्हटलं. तो अवघडला. "मावशीनं इथेच करायला सांगितलंय," म्हणाला.

आम्ही एक बस भरून गेलो. घड्याळजी येऊ शकले नाहीत. शहरातल्या त्या जागेत आमच्या आधी चार जण होते. पत्र्याखाली उभे राहिलो. आमच्या गावच्या माणसांना रांगेची सवय राहिलेली नाही. लहान मुलांसारखे एकमेकांना विचारत होते, अजून किती? आमचा पुकारा झाला तेव्हा आत सगळे मावले नाहीत. बायकांनी एकमेकींना पुढे ढकललं आणि मी आत गेले. केवढीशी दिसत होती. मी तिच्या पायांना हात लावला. तेवढ्यात पुढच्यांची गाडी आली म्हणून आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं.

बाहेर भाच्याला मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. तो चांगला मुलगा आहे, खोटं बोलता येत नाही त्याला.

"मी म्हटलं होतं मावशीला, गावाला नेऊ का? तिकडे सगळं छान झालंय म्हणतात. तर म्हणाली, छान झालंच आहे, माझ्या मैत्रिणीनं बांधलंय. पण नको. घरावरून जावं लागेल."

१२ नोव्हेंबर

आज एकटी माळावर गेले. कुणाचं काही नव्हतं, सगळं बंद होतं. इमारतीला वळसा घालून मागे उतरले. इतक्या महिन्यांत मी त्या बाजूला कधी गेलेच नव्हते. जायचं कारणच पडलं नव्हतं. मागे खाणीची जुनी वाट आहे, दगडाच्या गाड्यांची. बाभळी माजल्या आहेत, पण रुंद आहे, पायाखाली पक्की आहे. चालत गेले तर सरळ पंपाजवळच्या मोठ्या रस्त्याला निघाले. वाटेत एकही घर नाही.

तिथूनच अध्यक्षांना फोन केला. तो मोटारसायकलवर आला, पोट सावरत उतरला, माझ्याबरोबर वाटेवर थोडा आत चालला. मी त्याला सगळं दाखवलं. बाभळी काढल्या आणि मुरूम टाकला की झालं, म्हटलं. गाड्या इकडून येतील. पुढच्या रस्त्यानं कुणाला जायलाच नको.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. माझा विद्यार्थी आहे, मध्ये बोलत नाही. मग पायानं एक दगड बाजूला सारला आणि खाली बघत म्हणाला, "होईल, बाई. सहज होईल. पण आता कुणासाठी?"